उन्हातल्या दोन उशा

आमच्या घरात कुणाची मान अवघडली की शिक्षा उशीला होते. माणसाला शेक, तेल, गोळी जे काय द्यायचं ते मागाहून. आधी त्याची उशी उचलायची आणि माळवदावर नेऊन उन्हात टाकायची. मातीच्या त्या सपाट छपरावर ती बिचारी दिवसभर तापत पडते, दुपारी कुणीतरी जाऊन तिची कूस बदलतं, आणि मान सुटली की सगळं श्रेय तिचं.

माझी नात याला हसते. परवा तिनं मोबाईलमध्ये एक पोरगी दाखवली. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून ती पांढऱ्याशुभ्र डोंगरावरून वळसे घेत खाली येत होती, जशी काही कुणी वरून रेशमाची लड सोडली. "आज्जी, हे तुला काय कळणार," नात म्हणाली. मी म्हटलं, "बाई, मीपण केलंय ते. परभणी जिल्ह्यात." तिनं मोबाईल खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तेव्हा म्हटलं, लिहूनच ठेवावं.

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय पुढं करून आलेली. आमच्याकडं पाठीत उसण भरली, कमरेत लचक आली की पायाळू माणूस शोधतात. सकाळी चूळ भरायच्या आधी, कुणाशी न बोलता, दुखऱ्या जागी त्यानं तीनदा लाथ मारायची. अशा तीन सकाळी. उसण पळते म्हणतात. लोक म्हणायचे आणि मी ते खरं मानून ऐटीत फिरायचे. सासरी आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, पण पायाच्या जोरावर माझा मान मोठा. सासूच्या पाठीत लाथ मारायचा परवाना असलेली आसपासच्या दहा गावांत मी एकटीच सून होते. आधी लाथ, मग वाकून नमस्कार. आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं की लाथ जरा मनापासून बसायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डोळे मिटून म्हणायच्या, "आज गुण चांगला यायलाय बघ." मी पदराआड हसायचे. काय ते माझं हसू, काय तो तोरा. तेव्हाची ती मी, ती पोरगी आज समोर आली तर तिला मीच एक लाथ घालीन.

माझे धाकटे दीर फौजेत होते, काश्मिरात. विद्यापीठाच्या नावाचा वाद गावागावांत धुमसत होता ती वर्षं. एसटी कधी निघेल आणि कधी मध्येच थांबेल याचा भरवसा नसायचा, म्हणून भावजी सुट्टीवर आले की रेल्वेनंच येत, पिंगळीला उतरत आणि तिथून गाडीवाटेनं घरी. त्या हिवाळ्यात न कळवता आले. तुरीच्या शेतामधल्या वाटेनं माझे मालक डोक्यावर ट्रंक घेऊन पुढं, आणि मागं भावजी. एकेक पाऊल असं टाकत होते की काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर आहे आणि थेंब सांडला तर कुणीतरी रागावेल. गळ्यात हनुवटीपर्यंत पांढरा जाड पट्टा.

आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकायला हात उचलला, तो हवेतच राहिला. "अरं लेकरा, हे काय बैलावानी गळ्यात घालून आलास?"

"मान दुखावलीय माय. बर्फावर पडलो."

"बर्फावर?" आत्याबाईंना बर्फ माहीत होता तो मानवतच्या बाजारातल्या गारेगारवाल्याचा, लाकडाच्या भुशात ठेवलेला. त्या गोळ्यावर माणूस कसा पडतो, हे काही त्यांना उमगेना.

पुढं आठवडाभर भावजींनी ते उलगडून सांगितलं. दुपारचं जेवण झालं की ते अंगणात बाजेवर भिंतीला टेकून ताठ बसत. मी समोर निवडणटिपण घेऊन. हिवाळ्यातलं आमच्याकडचं ऊन असं असतं की माणसाला झोपही येऊ देत नाही आणि जागंही राहू देत नाही. त्या उन्हात त्यांचा आवाज लांबून यायचा. ते सांगायचे, तिथं डोंगर सकाळी निळे असतात, मग गुलाबी होतात, मग एवढे पांढरे की डोळे दुखतात. बर्फ पडतो तेव्हा आवाज होत नाही. उलट असलेले आवाजसुद्धा तो पिऊन टाकतो. पलटणीत त्यांना दोन पायांना दोन फळ्या बांधून घसरायला शिकवलं होतं, ते बरं जमायचं. पण एक दिवस एक गोरा पाहुणा एकच रुंद फळी घेऊन आला, दोन्ही पाय तिलाच बांधायचे. "चालवून बघता का," त्यानं खुणेनं विचारलं. भावजी दोनदा पडले, हसले. तिसऱ्यांदा डोक्यावर पडले.

"कापसात पडल्यागत असंल की," मी म्हटलं. "त्याला काय लागतंय?"

"दिसतं कापसावानीच, वहिनी. तिथंच माणूस फसतो."

त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर होती. फौजेच्या डॉक्टरानं दोन महिन्यांची रजा दिली होती आणि बजावून सांगितलं होतं: पट्टा काढायचा नाही, मानेला कुणाला ओढू द्यायचं नाही, दाबू द्यायचं नाही, आतली शीर दबलेली आहे, धक्का बसला तर हातच जाईल. दोन महिन्यांनी तपासणी. मान वळली आणि बोटांत जीव आला तर नोकरी, नाहीतर घरी. म्हणून भावजी रोज मूठभर कापूस घेत आणि त्यातून एकेक सरकी त्या दोन बोटांनी काढायचा प्रयत्न करत. सरकी निसटायची. परत कापूस चाचपायचा. निघालेल्या कापसाच्या आत्याबाई वाती वळायच्या. त्या हिवाळ्यात आमच्या देवाला जितक्या वाती मिळाल्या तितक्या नंतर कधी मिळाल्या नाहीत.

आत्याबाईंनी मात्र निदान पहिल्याच दिवशी केलं होतं. "उसण हाय. घरात पायाळू असताना दोन महिने पट्टा कामून बांधायचा? तीन सकाळी पाय लागला की मोकळा." भावजींची उशी त्यांनी त्याच दिवशी माळवदावर नेली, आणि मला म्हणाल्या, "तुझी तयारी ठिव."

भावजींनी माझ्यापुढं हात जोडले. "वहिनी, तुमच्या पायाला नमस्कार हाय. पण लांबून."

मला फार लागलं ते. ज्या पायाला पाटलाची पाठ कळली, ज्या पायाखाली शेजारच्या गावचा सरपंच पालथा पडला, त्या पायाला घरचा माणूस नको म्हणतो. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलले. मग आत्याबाई आणि मी चुलीपाशी बसून बेत केला. भावजी झोपायचे ते भिंतीकडं तोंड करून, कुशीवर. शनिवारी पहाटे, ते जागे व्हायच्या आत, मी हळूच जायचं आणि पट्ट्याच्या वर, केसांच्या खाली, उजवा पाय द्यायचा. "दमानं," आत्याबाई म्हणाल्या, "पण जोरात."

आज हे लिहिताना माझा हात थांबतो. तेव्हा मात्र मी रात्री पायाला खोबरेल चोळून झोपायचे. पाय मऊ असावा, दिराला टोचू नये, एवढी माझी माया.

शुक्रवारी दुपारी घरची सगळी माणसं वेचणीला गेली. लेकरं शाळेत. घरात मी, आणि अंगणात भावजी सरकी काढत. आमच्या कापसाच्या खोलीत त्या वर्षी मागच्या भिंतीशी ढीग आढ्याला हात पोचेल एवढा चढला होता. मानवतच्या खरेदी केंद्राचा नंबर यायचा होता. भांडं शोधायच्या निमित्तानं मी आत गेले आणि तशीच उभी राहिले. छपराला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून उन्हाचा एक खांब सरळ त्या ढिगावर उतरला होता. वरचा कापूस गुलाबी, मधला पांढरा, सावलीतला निळा. आवाज नाही. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली ती जणू परक्या गावात वाजली. मला वाटलं, बर्फ हाच. एवढ्यासाठी लोक काश्मिरात जातात, आणि तो माझ्या घरात, माझ्या चुलीपासून दहा पावलांवर.

मग जे केलं ते तेव्हाच्या त्या पोरीनंच करावं. कापूस बाहेर येऊ नये म्हणून दाराच्या खाचेत आडव्या फळ्या लावलेल्या असतात. त्यातली वरची एक मी काढली. लुगड्याचा कासोटा मारला. जुन्या धडप्याची पट्टी फाडून घेतली, चपला दारात सोडल्या आणि फळी काखेत मारून ढिगावर चढले. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. वर पोचून बसले, दोन्ही पाय फळीला करकचून बांधले, आढ्याला धरून उभी राहिले. पलीकडं डोंगर निळे होत गुलाबी होत पांढरे होत होते. मी आढं सोडलं.

पहिलं दोन हात अंतर मी खरंच उडाले. ते खोटं नाही. अजून मला ते स्वप्नात येतं, आणि स्वप्नात ते दोन हात पिंगळीच्या स्टेशनापर्यंत लांबतात. मग फळीचं टोक कापसात शिरलं, थांबलं, आणि मी न थांबता पुढं गेले. डोकं खाली, पाय वर, पायाला फळी. खाली शहाबादी फरशी. मानेत कट असं काहीतरी वाजलं, लांब कुठंतरी काडी मोडावी तसं.

मी ओरडले नाही. लाजच एवढी वाटली की ओरडायला तोंड नव्हतं. वरून थोडा कापूस घसरून माझ्या तोंडावर पडला. मला वाटलं, बरं झालं, झाकली गेले.

दारात भावजी आले. पट्ट्यामुळं त्यांना खाली बघता यायचं नाही. सगळं अंग कमरेतून वाकवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"वहिनी, काय करायलात?"

"कापूस उपसायलेय."

"पायाला फळी बांधून?"

मी उठायला मान उचलली, आणि तो घरातला हळू बोलणारा माणूस क्षणात दुसराच झाला. "हलू नका," असा आवाज त्यांच्या पट्ट्यातून आला की माझं रडूसुद्धा जागच्या जागी थांबलं. "पापणी सोडून काहीच हलवायचं न्हाई. मी सांगतो तेवढंच." ते गुडघ्यावर बसले, सावकाश, स्वतःची मान सांभाळत. पायांची पट्टी सोडली, फळी दूर केली, पाय हळू खाली ठेवले. दोन्ही पायाचे अंगठे हलवायला लावले. मग माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापूस दाबून दाबून भरला, इतका की मान वळायला जागाच राहू नये. मग माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं आणि बोटं मिटवली.

"काय हाय हातात?"

"सरकी."

"किती?"

मी चाचपलं. "दोन."

त्यांनी मोठा श्वास सोडला. दुसऱ्या हातात ठेवून विचारलं. तिथंही दोन. मग ते फरशीवर टेकून बसले, आणि जसं काही स्वतःलाच सांगावं तसं म्हणाले, "माझ्या ह्या बोटांना दोन कळत न्हाईत. एकच हाय असं वाटतं. कधी एकबी न्हाई."

माणसं शेतातून यायला वेळ होता. भावजींना मला उचलता येत नव्हतं, एकटीला टाकून जाताही येत नव्हतं. म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. उन्हाचा खांब हळूहळू सरकत माझ्या पोटावरून हातावर आला. त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, वर जात होते, खाली येत होते, कुणालाच घाई नव्हती. भावजींनी सांगितलं, तिथंही असंच झालं होतं. पडल्यावर ते आभाळाकडं बघत राहिले, आणि आभाळातून बर्फ येत होता, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की उठावंसंच वाटेना. "तो गोरा पळत आला आणि खांद्याला धरून म्हणाला, उठू नको. त्याची भाषा मला येत नव्हती, पण कळलं. त्यानं तेवढं सांगितलं नसतं तर मी उठलो असतो, वहिनी. आन् मग आयुष्यभर उठलो नसतो."

माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जायला लागलं. पुसायचं तर हात हलवायला बंदी.

"भावजी," मी म्हटलं, "उद्या सकाळी मी तुमाला पाय देणार व्हते. झोपेत."

बाहेर बैलाची घंटा वाजली.

"कुठला पाय?"

"उजवा."

"हळू का जोरात?"

"आत्याबाई म्हणाल्या, दमानं, पण जोरात."

ते हसायला लागले, आणि हसता हसता दोन्ही हातांनी स्वतःचा पट्टा धरला, कारण हसणं त्यांच्या मानेला झेपेना. मलाही हसू आलं आणि मानेत सुरी फिरल्यासारखं झालं. दोघं दात दाबून बसलो.

मग ते म्हणाले, "मला परत जायचंय, वहिनी. तिथं माझं काम हाय, माझी माणसं हायती. तिथं मला कुणी हात लावणार न्हाई. इथं सगळे लावतील. कुणी ओढील, कुणी चोळील, कुणी पाय ठिवील, आन् सगळे मायेनं. मायेला न्हाई म्हणायला मला येत न्हाई. तुमाला येतंय का बघा."

मी होय म्हटलं की नाही, आठवत नाही. मान हलवायची नव्हती, आणि तेव्हा मला मानेशिवाय होय म्हणता येत नसे.

दिवस कलताना वेचणीची माणसं आली. आत्याबाईंनी दारातून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या खरंच घाबरल्या होत्या, पण इलाज त्यांच्या तोंडी तयार असायचा. "पायाळू पाहिजे आता. पण पायाळू तर हीच. हिला कोण लाथ मारील?" त्यांनी आठवून पाहिलं. पालमच्या बाजूला कुणी एक पैलवान पायाळू असल्याचं त्यांनी ऐकलं होतं. ते ऐकून मी डोळे मिटून घेतले. भावजींनी मध्ये हात आडवा धरला. माझ्या मालकांना आणि तिघा गड्यांना त्यांनी पलटणीत देतात तसे हुकूम दिले: बाज इथं, चादर अशी, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम. आणि ज्यांनी आयुष्यात त्यांचं कधी ऐकलं नव्हतं ते सगळे निमूट ऐकत होते.

एसट्या त्या आठवड्यात बंदच होत्या, म्हणून मला बाजेवर घालून पिंगळी स्टेशनापर्यंत नेलं. डोक्याच्या दोन्ही अंगांना कापूस, वरून पांढरी चादर, चार खांद्यांवर बाज. मला दिसत होतं फक्त आभाळ. संध्याकाळचं, कडेला केशरी, आणि बगळे त्यातून मावळतीकडं वाहत चाललेले. पाय नाहीत, वाट नाही, आपण कुठं जातोय ते ठाऊक नाही, नुसतं तरंगणं. घसरण्याचं सुख ज्याला म्हणतात ते मला त्या ढिगावर दोन हात मिळालं आणि त्या बाजेवर तीन मैल. वाटेत ओळखीची एक म्हातारी थांबली, माझी बाज बघून तिनं चप्पल काढली, हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला. "लय चांगली व्हती माय," असं तिचं पुटपुटणं मला ऐकू आलं. मी म्हटलं, "मावशी, गुडघा बरा हाय का आता?" तिच्या हातातली मेथीची जुडी तिथंच पडली. भावजींनी मागून दटावलं, "वहिनी, बोलताना मान हलतीय."

परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाताला टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाले, नशीब, हाडाला काही नाही, शिरेला नाही. नुसते स्नायू ओढले गेलेत. उचलताना कुणी शहाणपण केलं? भावजींनी फक्त पट्टा सावरला. मला तीन आठवड्यांचा पट्टा मिळाला. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा गावानं दारात गर्दी केली होती. एकाच घरात दोन पट्टे. काही बाया लेकरांना लांब धरून उभ्या होत्या. फौजीनं काश्मिरातून काहीतरी आणलंय आणि ते आता वहिनीला लागलंय, अशी बातमी आमच्या आधी गावात पोचली होती.

माझी उशीही माळवदावर गेली. भावजींची उशी आणि माझी, दोन पाहुण्यांसारख्या शेजारी शेजारी उन्हात.

मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई माझ्या बाजेपाशी येऊन बसल्या. आवाज खाली केला. "शनिवार तर गेला. आता मंगळवार धरू."

"आत्याबाई, मला उठायला येईना गेलंय."

"मान आखडलीय तुझी. पाय न्हाई आखडले. तुला धरून नेते मी, तू फकस्त पाय उचल."

मी पट्ट्यातून त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा लेकाच्या काळजीनं एवढासा झाला होता. दोन महिने संपल्यावर पोरगा कायमचा लुळा हात घेऊन घरी बसेल, ही धास्ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती. त्यांच्याजवळ देण्यासारखं जे सगळ्यात खात्रीचं होतं ते म्हणजे माझा पाय. आणि माझ्याजवळ तरी गावात मिरवायला त्या पायापलीकडं काय होतं? तळहातावर मला त्या दोन सरक्या जाणवल्या. सरळ नाही म्हणायची छाती मला तेव्हाही नव्हती. तेव्हा मी सुनेच्या जातीला शोभेल ते केलं. खोटं बोलले.

"आत्याबाई, पायाळूची मान आखडली ना, की पायातला गुण जातोय. माझी आज्जी सांगायची. असा रिकामा पाय कुणाला लागला तर उलटतं."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "आज्जी सांगायची?"

"व्हय. मी लहान असताना. मांडीवर घेऊन."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मंग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

आठवडाभरात ते गावभर झालं. पाठी धरून येणारी माणसं आमच्या अंगणापर्यंत येत आणि माझ्या पट्ट्याकडं बघून परत फिरत. कुणी म्हणे, "कसा सोन्यासारखा पाय व्हता." जसा काही पाय कापून टाकला. मी बाजेवर ताठ बसून ते ऐकायचे. एवढा जीव जळायचा की वाटायचं एकदा तरी एखाद्याला लाथ घालून बघावी. त्यातच एक दिवस दारात चपला घालायला गेले, पट्ट्यामुळं खाली बघता येईना म्हणून पायानं चाचपलं, तर एकच चप्पल. दुसरी गेली. कुत्र्यानं नेली असणार. गुणही गेला, चप्पलही गेली. मी अनवाणीच फिरले. नवी मागायला जीभ रेटेना.

गोळ्यांनी झोप यायची. दुपारी अंगणात एका बाजेवर मी, एका बाजेवर भावजी, दोघं मूर्तींसारखे ताठ, समोरच्या कडुलिंबाकडं बघत. मध्येच त्यांची सरकी निसटून फरशीवर टक् वाजायची. मी डोळे मिटायचे आणि पिंगळीच्या स्टेशनावर बर्फ पडायला लागायचा. रूळ झाकले जायचे, कपाशीची पऱ्हाटी झाकली जायची, पॅसेंजर आवाज न करता येऊन थांबायची, आणि तिच्यातून कुणीच उतरायचं नाही. मी फलाटावर फळी घेऊन उभी. मग आत्याबाई हाक मारायच्या, "उशी पलटवायची येळ झाली," आणि बर्फ वितळायचा.

तीन आठवड्यांनी माझा पट्टा निघाला. दोन महिने भरले तेव्हा भावजींचा मात्र गळ्यात होता तसाच. ते पिंगळीला गाडीत बसले, आले होते तसेच, भरली घागर सांभाळत. जाताना मला म्हणाले, "काय हुईल ते कळवतो." मी मान हलवली. आता हलत होती.

त्यांची उशी आत्याबाई रोज माळवदावर नेत राहिल्या. माणूस गेला तरी उशी उन्हात. मला हात लावू देत नव्हत्या. मी थट्टा केली, "आत्याबाई, तिकडं त्येंच्या मानेला हितलं ऊन पोचतंय का?" त्यांनी उशी काखेत घट्ट धरली आणि जिना चढल्या.

मग पत्र आलं. आंतरदेशीय, निळं. आत्याबाईंना वाचता यायचं नाही, मी सातवी पास. अंगणात त्या वाती वळत बसल्या होत्या, मी समोर उभी राहून फोडलं. पहिल्याच ओळीवर मी थांबले, कारण अक्षर वाकडंतिकडं, पहिलीतल्या लेकरासारखं होतं, पण त्यांचं होतं. त्यांच्या हाताचं.

"वाच की," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातली वात अर्धवट वळलेली तशीच थांबली.

मी वाचलं. मान वळली. पूर्ण नाही, पण डॉक्टरांना पुरली. दोन सरक्या आता दोनच वाटतात. बर्फावर पाठवणार नाहीत, खाली ठेवतील, सामानाच्या कोठारात; पण ठेवलं. काळजी करू नये. लेकरांना गोड पापा. आणि शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या उशीत वहिनीची चप्पल आहे, ती आता काढून द्यावी. त्या थंडीत अनवाणी फिरत होत्या, मला बघवत नव्हतं. पण काढली असती तर आईला वाईट वाटलं असतं.'

मी पत्रावरून डोळे उचलले. आत्याबाई वात वळायला लागल्या होत्या, फार मन लावून.

"आत्याबाई?"

"पायातला गुण गेला म्हणालीस तू. चपलेतला गेला म्हणाली न्हाईस."

"इतके दिवस माझी चप्पल त्येंच्या डोक्याखाली?"

"डोक्याखाली न्हाई, मानेखाली. कापसात घालून शिवलीय, टोचंल कशी?" वात संपली, त्यांनी दुसरी घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुझी आज्जी तू जल्मायच्या आधीच गेली व्हती. सोयरीक जमवताना तुझ्या मायनंच सांगितलं व्हतं मला."

मी पत्राच्या घड्या घालायला लागले.

"मंग तवाच का न्हाई बोललात?"

"कापसाच्या खोलीत तू कशी पडली व्हतीस ते म्या बघितलं व्हतं. भ्यालेल्या पायाला काय गुण?" त्या म्हणाल्या. "जा, उशी आण खाली."

मी माळवदावर गेले. ऊन मावळतीला आलं होतं, खालच्या शेतांतला वेचायचा राहिलेला कापूस दूरवर ठिपक्याठिपक्यांनी पांढरा दिसत होता. उशी गरम होती. मी तिची शिवण दातानं तोडली, आत हात घातला आणि चप्पल बाहेर ओढली. तिला सगळीकडून कापूस चिकटला होता. उन्हानं रबर कडक होऊन वाकलं होतं, नावेसारखं. मी ती तिथंच पायात घातली आणि जिना उतरले. एक पाय अनवाणी, एक पाय गरम.